अमेरिकी प्रूफ नाणी : पारख, किंमत आणि जपणूक

अमेरिकेतल्या आप्तांनी दिलेला चांदीचा अर्धा डॉलर इंदूरच्या सराफ्यात दाखवला, तर सराफ तो काट्यावर ठेवून चांदीचा भाव सांगेल. ही त्या नाण्याची तळाची किंमत झाली. १९५० ते १९६४ या काळात फिलाडेल्फियाच्या टाकसाळीने संग्राहकांसाठी पाडलेल्या प्रूफ, म्हणजे खास चकचकीत ठशांनी पाडलेल्या आरशासारख्या नाण्यांच्या संचात सेंट, पाच सेंट, डाइम (दहा सेंट), क्वार्टर (पंचवीस सेंट) आणि अर्धा डॉलर अशी पाच नाणी असत. त्यांपैकी शेवटच्या तिन्ही नाण्यांत ९० टक्के चांदी आहे, म्हणजे एका संचात सुमारे १९ ग्रॅम शुद्ध चांदी भरते. टाकसाळीत हा संच २.१० डॉलरला मिळे.

यापुढची किंमत वर्षावरून आणि पृष्ठभागावरून ठरते. १९५० साली केवळ ५१,३८६ संच निघाले, तर १९६४ साली जवळजवळ साडेएकोणचाळीस लाख. त्यामुळे या काळातल्या शेवटच्या वर्षांचा साधा संच चांदीच्या भावापेक्षा फारसा वर जात नाही. खरी पारख मात्र उजेडात होते. नाणे कडेने धरून दिव्याखाली हळूहळू तिरपे करावे आणि सपाट भाग आरशासारखा काळा दिसत असताना चेहऱ्याचा उठाव दुधी, दहिवरासारखा दिसतो का, हे पाहावे. नव्या ठशाच्या खोलगट भागातला खरखरीतपणा थोड्याच ठोक्यांत झिजून जात असल्याने असा ठसठशीत विरोध मोजक्याच नाण्यांवर उतरला, आणि ‘कॅमिओ’ म्हणवल्या जाणाऱ्या या नाण्यांना साध्या प्रूफपेक्षा पुष्कळ अधिक पैसे मोजावे लागतात. दोन्ही बाजूंना तो सारखाच हवा. बहुधा एक बाजू फसवते.

१९६० च्या सेंटवर सालाच्या लहान व मोठ्या आकड्यांचे दोन प्रकार आहेत. लहान आकड्यांचा महाग.

दिवाळीत चांदीची भांडी उजळण्याची आपली सवय येथे घातक ठरते, कारण रांगोळीने किंवा राखेने एकदा घासलेला आरसा परत येत नाही. १९५५ पर्यंतच्या डबीबंद संचांत नाण्यांच्या पिशव्यांना लोखंडी स्टेपल पिना असत. पावसाळ्यात त्या गंजून नाण्यावर डाग पाडतात, म्हणून डबी सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी. मऊ पीव्हीसीची पाकिटे वापरू नयेत, कारण त्यांतून नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. भाव ठरवताना विक्रेत्याने मागितलेली रक्कम न धरता, त्याच वर्षाचे आणि त्याच प्रतीचे नाणे लिलावात प्रत्यक्ष कितीला गेले, तेवढेच पाहावे.