ट्रकची किरकोळ ठोकर झाली तर काय करावे

फाटकाचा खांब, उभ्या कारचा आरसा, कुणाच्या तरी कुंपणाची भिंत. ट्रक अशा ठिकाणी घासतो तेव्हा वेग बहुधा नगण्य असतो, जागा अरुंद असते आणि मागे कुणीतरी हॉर्न वाजवत असतो. कुणाला खरचटलेलंही नसतं. अशा ठोकरीचा खर्च खरा वाढतो तो त्यानंतरच्या दहा मिनिटांत, आणि बऱ्याचदा तो ड्रायव्हरच वाढवतो.

आधी थांबा, गाडी ओढू नका

कोपरा कुठेतरी अडकला की हात आपोआप गिअरकडे जातो. तो आवरा. समजा, मागचा डावा कोपरा भिंतीला टेकला आहे. तुम्ही स्टिअरिंग उजवीकडे कापून पुढे निघालात, तर मागच्या चाकांच्या पलीकडचा भाग उलट दिशेला, म्हणजे डावीकडे फेकला जातो आणि भिंतीत आणखी घुसतो. नुसता ओरखडा असता, तिथे आता विटा निखळतात, फाळका (हौद्याची मागची झडप) वाकतो आणि मागचा दिवा फुटतो.

म्हणून हँडब्रेक ओढा, चारही इंडिकेटर लावा आणि खाली उतरून बघा. नेमकं काय कशाला टेकलंय, ते आरशातून कळत नाही. आहे त्या स्थितीत फोटो काढा. मग ज्या वाटेने आत शिरलात त्याच वाटेने, चाकं तशीच ठेवून, इंचाइंचाने गाडी बाहेर घ्या. आरशात दिसेल अशा जागी एक माणूस उभा करा. एकच, तिघे ओरडू लागले की कुणाचं ऐकायचं तेच कळत नाही. हॉर्न वाजवणाऱ्याला वाजवू द्या.

वाहत्या रस्त्यावर असाल तर चमकणारं जाकीट घालूनच उतरा आणि त्रिकोणी फलक मागे बराच दूर ठेवा. ताशी 80 किलोमीटर वेगाचं वाहन सेकंदाला 22 मीटर कापतं. फलक दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यातच 33 मीटर संपतात आणि खरं ब्रेकिंग त्यानंतर सुरू होतं.

उतरायचंच नाही अशी वेळ

हौद्याला किंवा टपाला विजेची तार लागली असेल तर केबिनमध्येच बसून राहा. क्लीनरलाही उतरू देऊ नका, बाहेरच्यांना ओरडून लांब ठेवा आणि वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री मिळेपर्यंत हलू नका. आगच लागली तर दोन्ही पाय जुळवून उडी मारा. गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होता कामा नये. त्यानंतर पाय जुळलेलेच ठेवून, जमिनीवरून घासत, लांब जा. मोठी ढांग टाकली तर जमिनीतला प्रवाह एका पायातून दुसऱ्या पायात जाऊ शकतो.

रेल्वेच्या पुलाला टप लागला तर मालकाच्या आधी रेल्वेला किंवा पोलिसांना फोन करा. खालून ओरखडाच दिसतो, पण वरचे रूळ हलले असण्याची शक्यता असते.

समोरच्याशी बोलताना

नुकसान झालेला माणूस चिडलेला असणारच. तुम्हाला वाईट वाटतंय हे त्याला सांगायला हरकत नाही, पण "सगळी चूक माझी, भरून देतो" असं तिथल्या तिथे कबूल करू नका. विमा कंपनीला न विचारता जबाबदारी स्वीकारू नये, अशी अट बऱ्याच पॉलिसींत असते. आपलं नाव, गाडीचा नंबर, मालकाचं आणि विमा कंपनीचं नाव द्या. त्याचीही माहिती घ्या. आसपास कुणी पाहिलं असेल तर त्याचा नंबर आताच घ्या, तासाभराने तो सापडणार नाही.

रस्त्यावरच रोख देऊन मिटवण्याचा मोह मोठा असतो. माझं मत विचाराल तर मालकाशी बोलल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. पावती नसेल तर आठवड्याने तोच माणूस दुसरं बिल घेऊन येऊ शकतो. मालकाने होकार दिलाच तर नुकसान काय, रक्कम किती आणि यापुढे मागणी नाही, हे कागदावर लिहून सही घ्या.

ज्याचं नुकसान झालं तो धनी जागेवर नसेल तर निघून जायचं नाही. बऱ्याच देशांत नुसत्या मालमत्तेचं नुकसान करून पळणं हाही गुन्हा आहे. पहारेकऱ्याला किंवा शेजाऱ्याला सांगा, नाव-नंबराची चिठ्ठी भिजणार नाही अशी अडकवा, चिठ्ठीचाही फोटो काढा आणि पोलिसांना कळवून ठेवा.

फोटो कसे काढावेत

नुसत्या ओरखड्याचा जवळून घेतलेला फोटो फारसा उपयोगी पडत नाही, कारण तो कुठल्याही गाडीचा असू शकतो. आधी लांबून संपूर्ण जागा घ्या, मग नंबर प्लेट आणि नुकसान एकत्र दिसेल असा घ्या आणि शेवटी जवळ जा. ट्रकवरचा व्रण आणि समोरचा व्रण जमिनीपासून किती उंचीवर आहेत, हे टेप लावून टिपा. दोन्ही उंची जुळत नसतील तर तो डाग तुमचा नसण्याचीच शक्यता जास्त. आधीपासूनचे पोचे आणि गंजलेले ओरखडेही टिपून ठेवा. डॅशकॅम (काचेमागचा कॅमेरा) असेल तर ठोकरीचं चित्रण लगेच लॉक करा. कार्ड भरलं की नवीन चित्रण जुन्यावर चढतं.

निघण्यापूर्वी

डिझेल टाकी गळते का, टायरची बाजू चिरली आहे का, ब्रेकच्या हवेच्या नळ्या दबल्या आहेत का, हे वाकून बघा. हवा पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करा, ब्रेक दाबून धरा आणि हवेच्या दाबाचा काटा भराभर उतरतो का ते पाहा. उतरत असेल तर गाडी तिथेच उभी राहू द्या. दिवे, ताडपत्री, रस्से आणि सरकलेला माल तपासा.

मालकाला लगेच कळवा आणि त्याच दिवशी लिहून काढा: वेळ, जागा, वेग, काय पाहिलं. अंदाज लिहू नका. दावा करायचा असेल तर विमा कंपनीचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत बंपर सरळ करायला गॅरेजला नेऊ नका.