साइमा सरोवराच्या काठाने सायकल: आखणीपासून परतीच्या गाडीपर्यंत

फिनलंडमध्ये लहानमोठी मिळून सुमारे 1,88,000 तळी आहेत. त्यातलं सगळ्यात मोठं साइमा, देशाच्या आग्नेय भागात. क्षेत्रफळ सुमारे 4,400 चौरस किलोमीटर, आणि त्यात तेरा हजारांहून जास्त बेटं. त्यामुळे काठावर उभं राहूनही समोर दिसतंय ते बेट आहे की पलीकडचा किनारा, हे चटकन कळत नाही. पलीकडचं गाव हाकेच्या अंतरावर दिसतं आणि रस्त्याने मात्र वीस-पंचवीस किलोमीटर पडतं. म्हणून इथला बेत पाणी बघून आखायचा. किलोमीटर नंतर मोजायचे.

नकाशा उघडला की मी आधी बघते, पाण्याचे लांबट फाटे कोणत्या दिशेला गेलेत. शेवटच्या हिमयुगात बर्फाचा जाडजूड थर वायव्येकडून आग्नेयेकडे सरकत गेला आणि त्याने खालचा खडक त्याच दिशेने घासून काढला. सरोवराचे फाटे, मधल्या टेकड्या, वाळू-गोट्यांचे लांब उंचवटे, सगळं त्याच ओढीत पडलेलं आहे. रस्ता या ओढीच्या बरोबरीने जात असेल तर तो बराचसा सपाट मिळतो. ओढ आडवी कापत असेल तर दिवसभर वर-खाली, वर-खाली. एकेक चढ लहानच असतो, पण पाठोपाठ येतो आणि सामान लादलेलं असलं की दुपारनंतर मांड्या बोलायला लागतात. सरळ दिवसाला सत्तर किलोमीटर धरा, आडव्या दिवसाला पन्नासच्या वर जाऊ नका. एवढा एक नियम पाळलात तरी अर्धी सहल सुखाची होते.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हा मार्ग सांगेन: हेलसिंकीहून रेल्वेने मिक्केली, तिथून 62 क्रमांकाच्या रस्त्याने आंतोलामार्गे पूमाला, मग सुल्कावा, सावोनलिन्ना, पुंकाहार्यू आणि शेवटी पारिक्कालाहून पुन्हा रेल्वे. हाताशी आठवडा असू द्या. कमी दिवस असतील तर मार्ग छोटा करा, रोजचं अंतर वाढवू नका. रेल्वेत सायकलच्या जागा मोजक्याच असतात आणि तिचं तिकीट वेगळं काढावं लागतं. आधी सायकलची जागा मिळतेय का ते बघा, मग स्वतःचं आसन.

आंतोला ते पूमाला हा लिएत्वेसीचा रस्ता. पाण्याला लागून, डांबरी, देखणा. उन्हाळी घरांकडे जाणाऱ्या गाड्या शुक्रवारी संध्याकाळी इथे वाढतात, तेव्हा हा टप्पा आठवड्याच्या मधल्या दिवशी घ्या. पूमालाचा पूल 781 मीटर लांब आहे. तो 1995 मध्ये झाला, त्याआधी सगळी वाहनं तरीतून, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीतून जायची. पूल बराच उंचावर आहे. खालच्या बंदरातून वर यायला पादचारी आणि सायकलवाल्यांसाठी लिफ्ट आहे, तेव्हा चढाची धास्ती घेऊ नका. पूमालाहून बेटांमधून फिरून परत येणारी सुमारे 60 किलोमीटरची एक सायकल फेरी आहे. तिचा पाण्यावरचा तुकडा सायकली नेणाऱ्या बोटीने पार करावा लागतो आणि ती बोट फक्त उन्हाळ्यात चालते. वेळापत्रक त्या वर्षाचंच बघा.

आता तरींबद्दल, कारण या सगळ्या प्रवासात मला सगळ्यात प्रिय त्याच आहेत. सार्वजनिक रस्ता पाण्यापाशी थांबतो आणि पलीकडून पुन्हा सुरू होतो, मधलं अंतर लोस्सी नावाची पिवळी फेरीबोट पार करते. पाण्याखालून गेलेल्या लोखंडी दोरावर ती चालते. रस्त्याचाच भाग असल्याने पैसे पडत नाहीत. फाटक उघडेपर्यंत थांबायचं, आधी गाड्या जाऊ द्यायच्या, मग उतरून सायकल हाताने आत न्यायची. लोखंडी उतरणीवर पाऊस पडलेला असेल तर चाक सर्रकन घसरतं, म्हणून ती चालवत ओलांडू नका. एकदा निघाली की कठड्यापाशी उभं राहा आणि खाली बघा: दोर पाण्यातून वर येतो, निथळत चाकावरून सरकतो आणि मागच्या बाजूला पुन्हा बुडतो. पलीकडे पोचायला काही मिनिटंच लागतात. रात्रीच्या फेऱ्यांचं वेळापत्रक किनाऱ्यावरच्या फलकावर असतं. शेवटच्या टप्प्यात लोस्सी असेल तर ते आदल्या दिवशीच तपासा. पूल होत जातील तशा या फेरीबोटी कमी होत आहेत. सुल्कावाजवळ वेकारान्साल्मीची लोस्सी 2019 मध्ये पूल झाल्यावर बंद झाली. वाटेत जी मिळेल ती घ्या, थोडा वळसा पडला तरी.

डांबरी रस्ता सोडला की सगळीकडे खडीचे रस्ते आहेत, आणि खरी शांतता तिथेच. त्यासाठी टायर किमान 40 मिलिमीटर रुंद हवेत. हवा ठासून भरू नका, अंगठ्याने जोर दिल्यावर टायर किंचित दबला पाहिजे. धूळ बसावी म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीला या रस्त्यांवर कॅल्शियम क्लोराइड टाकतात. ते हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे कोरड्या दिवसातही रस्ता गडद आणि दमट दिसतो. अशा रस्त्यावर सायकल छान पळते. पण वर पाऊस पडला की बारीक, चिकट राडा होतो. तो मडगार्ड आणि टायरच्या मधल्या फटीत भरतो, ब्रेकच्या पॅडवर बसतो आणि साखळीच्या प्रत्येक कडीत शिरतो. हे मीठच आहे, रात्रभर तसंच राहिलं की सकाळी साखळीवर तांबूस गंज दिसतो. मुक्कामाला पोचल्यावर जेवणाच्याही आधी बाटलीतलं पाणी ओतून साखळी, डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) आणि ब्रेक धुवा, फडक्याने पुसा आणि तेलाचे थेंब सोडा. हे पाणी तळ्यापासून लांब, मातीत जाऊ द्या. उतारावर आणि वळणांवर खडीला आडव्या लाटा पडलेल्या असतात. तिथे हँडल घट्ट आवळू नका, कोपर सैल ठेवा, सीटवरून जरा उठा आणि नजर पुढे ठेवून गुळगुळीत पट्टा शोधा. लाकडाचे ओंडके नेणारा ट्रक समोरून आला तर सरळ कडेला थांबा.

मुक्कामासाठी फिनलंडइतका उदार देश विरळा. परक्याच्या जमिनीवरूनही चालण्याचा, सायकलने जाण्याचा, तात्पुरता तंबू ठोकण्याचा आणि रानातली फळं वेचण्याचा हक्क इथे प्रत्येकाला आहे, परदेशी पाहुण्यालासुद्धा. हा हक्क टिकलाय तो लोक मर्यादा पाळतात म्हणून. घर, अंगण, शेत यांच्यापासून दूर राहा. राष्ट्रीय उद्यानात फक्त नेमलेल्या जागीच तंबू लावा. शेकोटीला जमीनमालकाची परवानगी लागते, आणि वणव्याचा इशारा असेल तेव्हा उघडी आग कुठेच पेटवायची नाही. फाट्यावर पत्रपेट्यांची रांग दिसली की आत घरं आहेत असं समजा आणि पुढे चला. मला सगळ्यात सोयीचा वाटतो तो लावू, म्हणजे तीन बाजूंनी बंद असा लाकडी निवारा, समोर शेकोटीची जागा. त्यात कुणी आधी आलेलं असेल तर सरकून जागा देतात, तुम्हीही द्या.

कधी जावं? जूनमध्ये पूर्ण अंधार होतच नाही. ज्यांना उजेडात झोप येत नाही त्यांनी डोळ्यांवर पट्टी न्यावी. 20 ते 26 जूनच्या दरम्यानच्या शनिवारी युहान्नुसचा, म्हणजे मध्य-उन्हाळ्याचा सण असतो. त्याच्या आदल्या दिवशी दुकानं लवकर मिटतात, शिधा आधी भरा. जून-जुलैत डास फार. जुलैत सावोनलिन्नाच्या ओलाविनलिन्ना किल्ल्यात ऑपेरा महोत्सव असतो, तेव्हा गावात खोली मिळणं कठीण. किल्ला 1475 मध्ये बांधायला घेतलेला, चहूकडून पाणी. माझी पसंती ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्याला. डास ओसरलेले, पाणी पोहण्याजोगं, आणि रस्त्याकडेच्या जंगलात निळ्या बेरी पिकलेल्या. ऊन तापलेल्या दिवसांत मात्र पाण्यावर हिरवट साय दिसली तर तिथे पोहू नका आणि ते पाणी उकळूनही पिऊ नका, उकळल्याने त्यातलं विष जात नाही.

पिण्याचं पाणी दुकानात आणि कॅफेत विनासंकोच मागा. चर्चच्या दफनभूमीत फुलांना घालण्यासाठी नळ असतात, तिथेही बाटली भरता येते, फक्त ‘एइ युओमावेत्ता’ (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी असेल तर नाही. दुकानं पूमाला, सुल्कावासारख्या गावांतच भेटतात, म्हणून एका दिवसाचं जेवण नेहमी पिशवीत ठेवा. राईची भाकरी दिवसेंदिवस टिकते. सावोनलिन्नाच्या बाजारात तळलेले मुइक्कू मासे आणि लोर्त्स्यू, म्हणजे सारण भरून तळलेली करंजीसारखी पोळी मिळते. शाकाहारी असाल तर सफरचंदाचं सारण भरलेलं लोर्त्स्यू मागा.

रोज झोपताना गुडघ्यांमागे, काखेत, कमरेच्या इलॅस्टिकखाली गोचीड चिकटलेत का ते तपासा. इथले गोचीड लाइम रोग आणि मेंदूज्वर पसरवतात. मेंदूज्वरावर लस आहे, निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. चिमटा सोबत असावा. संध्याकाळच्या वेळी मोठी एल्क हरणं रस्त्यावर येतात, तेव्हा उतारावर वेग आवरा. आपत्कालीन क्रमांक 112. त्याचं ॲप आधीच उतरवून घ्या, म्हणजे त्यातून फोन लावताच तुमची जागा त्यांना कळते.

पारिक्कालाच्या आधीचा टप्पा सावोनलिन्ना ते पुंकाहार्यू, तिसेक किलोमीटर. पुंकाहार्यूला हिमयुगातल्या बर्फाखालून वाहणाऱ्या नद्यांनी वाळू-गोटे साठवत नेले आणि सुमारे सात किलोमीटर लांबीची अरुंद कड तयार झाली. दोन्ही बाजूंना पाणी, वर पाइनचे उंच वृक्ष. 1803 मध्ये रशियाचा झार पहिला अलेक्झांडर इथे आला आणि ही झाडं तोडू नयेत असा हुकूम त्याने दिला, असं सांगतात. महामार्ग सोडून कडेवरचा जुना रस्ता धरा आणि सकाळी लवकर निघा. या सात किलोमीटरांना दोन तास दिलेत तरी जास्त नाही.

पारिक्कालाच्या फलाटावर गाडी थोडाच वेळ थांबते. पॅनिअर, म्हणजे सायकलला लटकवलेल्या पिशव्या, आधीच उतरवून एका पट्ट्याने एकत्र बांधा, तिकिटावर सायकलचा डबा कोणता ते बघा आणि फलाटावर त्याच डब्याच्या जागी जाऊन उभे राहा. आधी सायकल चढवा, मग सामान.