सॉफ्टवेअरचं युजर मॅन्युअल लिहायचं कसं?

मॅन्युअल कोणी हौसेनं पहिल्या पानापासून वाचत नाही. काहीतरी अडलं म्हणून ते उघडलं जातं आणि उघडणारा आधीच वैतागलेला असतो. तेव्हा लिहायला बसण्याआधी यादी करायची ती मेनूंची नव्हे, अडणाऱ्या कामांची. त्यासाठी फार डोकं लढवावं लागत नाही. सपोर्टकडे आलेले ईमेल चाळा. ‘चुकून डिलीट झालं, परत कसं आणू?’, ‘पीडीएफ कोरी येते’. मथळेही त्याच शब्दांत द्या. ‘डेटा पुनर्प्राप्ती’ असा भारदस्त मथळा दिलात, तर ‘चुकून डिलीट’ असं टाइप करणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

यादी झाली की वाटणी करा. नवख्याला हाताला धरून चालवणारा धडा वेगळा, नेहमीच्या कामांच्या कृती वेगळ्या आणि कोणतं सेटिंग काय करतं याचा तक्ता वेगळा. तिन्ही एका पानात कोंबले की कोणाचंच भागत नाही.

खरी मेहनत कृती लिहिण्यात आहे. एका क्रमांकात एकच काम. आधी कुठे, मग काय: ‘वर उजवीकडे तीन ठिपके आहेत, त्यांवर टॅप करा.’ बटणाचं नाव स्क्रीनवर आहे तसंच. तिथे ‘जतन करा’ असेल तर तुम्ही ‘सेव्ह’ लिहू नका. आणि धोक्याची सूचना धोक्याच्या आधी. हे मी ठासून सांगतो, कारण एकदा मीच असं लिहून बसलो होतो:

४. ‘रीसेट’ दाबा.
५. त्याआधी बॅकअप घेतल्याची खात्री करा.

वाचणारा पाचव्या पायरीवर पोचेपर्यंत नोंदी गेलेल्या! दुरुस्ती अशी केली:

४. ‘बॅकअप घ्या’ दाबा. ‘बॅकअप पूर्ण’ असं दिसेपर्यंत थांबा.
५. ‘रीसेट’नं सगळ्या नोंदी पुसल्या जातील. तयार असाल तर ‘रीसेट’ दाबा.

स्क्रीनशॉट मोजकेच ठेवा, ते लवकर शिळे होतात. एरर मेसेज मात्र अक्षरन् अक्षर द्या. लोक तोच कॉपी करून शोधतात.

अ‍ॅपला जे जमत नाही तेही लिहा. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९७१ सालच्या मॅन्युअलमध्ये कमांडच्या माहितीखाली ‘बग्ज’ असा रकाना असे आणि ज्ञात दोष तिथे सरळ छापलेले असत. ‘एका वेळी एकच फाइल उघडते’ एवढं एक वाक्य वाचणाऱ्याचा अर्धा तास वाचवतं. मार्केटिंगवाले नाक मुरडतील, मुरडू द्या.

मसुदा झाला की अ‍ॅप कधीच न वापरलेल्या माणसाला शेजारी बसवा, पान त्याच्या हातात द्या आणि तोंड बंद ठेवा. हे शेवटचं सगळ्यात अवघड. तो चुकीच्या बटणाकडे बोट नेतो तेव्हा ‘अहो, ते नाही!’ ओठांवर येतं. गिळा, आणि तो कोणत्या ओळीवर थबकला तेवढं टिपून ठेवा. ती ओळ बदला आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला तरी बसवा, कारण पहिल्याला आता रस्ता पाठ झालेला असतो.

नवी आवृत्ती सोडण्याच्या कामांच्या यादीत ‘मॅन्युअल तपासलं’ ही ओळ घालून ठेवा. ‘जतन करा’चं उद्या ‘साठवा’ झालं, तर ते आधी डेव्हलपरला कळतं. तुम्हाला कळवायचं त्याच्या लक्षात राहीलच असं नाही.