ऑस्कर पहाटे उठून बघायचंय? मग तयारी अशी करा

मार्चमधल्या एका सोमवारी पहाटे नाशिकमधल्या आमच्या गंगापूर रोडच्या घरी नऊ-दहा जण गोधड्या घेऊन टीव्हीसमोर बसलेले असतात, तिकडे लॉस एंजेलिसच्या डॉल्बी थिएटरात तेव्हा रविवारची संध्याकाळ असते. गणपतीनंतर वर्षातला मला सगळ्यात आवडणारा दिवस हाच. लोक विचारतात एवढं काय असतं त्यात, भाषणंच तर असतात. अहो, नुसतं बघितलं तर भाषणंच वाटणार, पण स्वतःचे अंदाज कागदावर लिहून बसलात ना, की साउंडचं पाकीट उघडताना पण छातीत धडधडतं. ते कसं करायचं ते सांगते.

आधी वेळ नीट बघा, दरवर्षी नव्याने बघा. 2023 ला कार्यक्रम आपल्याकडे पहाटे 5:30 ला होता, 2024 ला त्यांनी तो तासभर अलीकडे आणला म्हणजे आपले 4:30, आणि आम्ही जुन्या हिशोबाने उठलो तर सपोर्टिंग अ‍ॅक्ट्रेसचं अवॉर्ड होऊन गेलेलं, फार वाईट वाटलं होतं. मग 2025 ला परत 5:30, कारण मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे जातात आणि त्या वर्षी सोहळा त्याच्या आधीच झाला. 2025 ला जिओहॉटस्टार आणि स्टार मूव्हीजवर लाइव्ह होतं. 2029 पासून तर थेट यूट्यूबवर, फुकट. आणि मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा, लाइट जायची ती नेमकी बेस्ट अ‍ॅक्टरला जाते.

आता मुख्य काम, सिनेमे बघणं. जानेवारीत नॉमिनेशन्स येतात, तेव्हापासून दर शनिवार-रविवार एकेक उरकायचा. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने 2025 मध्ये नियम केला की ज्या कॅटेगरीत मत द्यायचं त्यातले सगळे सिनेमे मेंबरने बघितलेले हवेत, आणि मला हा नियम इतका पटला की घरात पण तोच लावला, बघितलं नाही तर त्या कॅटेगरीत अंदाज लिहायचा नाही. त्यामुळे झालं असं की जे फक्त मोठी नावं बघायचे ते पण शॉर्ट फिल्म शोधायला लागले. कोणासोबत काय बघायचं एवढं मात्र ठरवून घ्या. 'अनोरा'ला 2025 ची पाच ऑस्कर मिळाली, बेस्ट पिक्चर धरून, आणि सिनेमा जबरदस्तच आहे पण आजी-आजोबांसोबत हॉलमध्ये लावायचा नाही म्हणजे नाही. आजीसाठी 'फ्लो'. पुरात सापडलेली एक मांजर आणि होडीत तिच्यासोबत बाकीचे प्राणी, डायलॉग एकही नाही त्यामुळे सबटायटलची भानगडच नाही. लॅटव्हियासारख्या छोट्या देशातल्या लोकांनी तो ब्लेंडर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर बनवला आणि मोठमोठ्या स्टुडिओंना मागे टाकून अ‍ॅनिमेशनचं ऑस्कर नेलं. आजी शेवटपर्यंत मांजरीची काळजी करत होती. 'द ब्रुटलिस्ट' साडेतीन तासांच्या वर आहे पण त्यात पंधरा मिनिटांचं खरंखुरं इंटरव्हल दिलंय, आपल्या लोकांना ते बरोबर पटतं.

अंदाज कसा बांधायचा? बेस्ट पिक्चरचं मतदान वेगळं असतं हे डोक्यात ठेवा. बाकी ठिकाणी जास्त मतं तो जिंकला, पण इथे मेंबर दहाही सिनेमांना पसंतीक्रम देतात. निम्म्याच्या वर कोणी गेलं नाही तर सगळ्यात कमी मतांचा सिनेमा बाद, त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीला जातात आणि कोणीतरी निम्म्याच्या वर जाईपर्यंत असंच चालतं. म्हणजे निम्म्यांना जीव की प्राण आणि निम्म्यांना नकोसा असा सिनेमा अडकू शकतो आणि जवळपास सगळ्यांना दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर आवडलेला पुढे निघतो. लिहिताना स्वतःला विचारा की हा सिनेमा न आवडणारं कोण आहे. डिरेक्टरसाठी डिरेक्टर्स गिल्डचा, म्हणजे तिकडच्या दिग्दर्शकांच्या संघटनेच्या पुरस्काराचा, निकाल बघा, बहुतेक वेळा तोच येतो. अ‍ॅक्टिंगमध्ये मात्र एकाच अवॉर्डवर विसंबू नका. 2025 ला बेस्ट अ‍ॅक्ट्रेसचं अ‍ॅक्टर्स गिल्डने, म्हणजे कलाकारांच्या संघटनेने, डेमी मूरला दिलं, बाफ्टाने, म्हणजे ब्रिटिश पुरस्काराने, 'अनोरा'च्या मायकी मॅडिसनला, आणि ऑस्कर गेलं मॅडिसनकडे, आमच्यातले सहा जण तिथेच घसरले.

मार्क देताना माझं ऐका, मोठ्या कॅटेगरीला एक मार्क आणि शॉर्ट फिल्म, साउंड, कॉस्च्युम वगैरेंना तीन. उलटं वाटेल पण खरी मजा तिथेच आहे, शिवाय ज्यांचं नाव वर्षभर कोणी घेत नाही अशी माणसं त्या दोन मिनिटांत रडत स्टेजवर येतात आणि आपण त्यांचं काम बघितलेलं असतं. 2023 ला 'द एलिफंट व्हिस्परर्स' ही आपल्याकडची शॉर्ट डॉक्युमेंटरी आम्ही आधीच बघितली होती, ती जिंकली तेव्हा घरात जो आरडाओरडा झाला त्याला तोड नाही. नंतर 'नाटू नाटू' जिंकलं तेव्हा शेजारच्या काकू काय झालं बघायला आल्या त्या चहा घेऊन शेवटपर्यंत बसल्या. एक जादा प्रश्न पण ठेवा, सगळ्यात लांब भाषण किती मिनिटांचं होईल. 'द ब्रुटलिस्ट'साठी बेस्ट अ‍ॅक्टर ठरलेला एड्रियन ब्रोडी 2025 ला साडेपाच मिनिटांहून जास्त बोलला, तोपर्यंतचा रेकॉर्ड मोडला, आणि आमच्यात कोणीच चारच्या वर लिहिलं नव्हतं.

राष्ट्रीय पुरस्कारांना हा खेळ चालत नाही, तिथे ज्युरी ठरवते आणि नावं आधीच जाहीर होतात. ते मी वेगळ्या पद्धतीने बघते, यादी आली की राहिलेले सिनेमे शोधायचे. 1 ऑगस्ट 2025 च्या यादीनंतर आम्ही 'नाळ 2' आणि 'आत्मपॅम्फ्लेट' परत लावले. सप्टेंबरमध्ये दिल्लीत 'नाळ 2' मधली ती छोटी साडी नेसून राष्ट्रपतींकडून पुरस्कार घेत होती तेव्हा डोळे भरून आले.

एक अवॉर्ड आमचं घरचं आहे, तुम्ही पण करा. अण्णा साळुंके पुरस्कार. हॉटेलात स्वयंपाक करणारा हा माणूस फाळकेंच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये 1913 ला तारामती झाला आणि 1917 च्या 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही त्यानेच केले. फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले, नाशकात गेले, पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, मग साळुंकेंचं नाव नाशिककरांनी नाही घ्यायचं तर कोणी? त्या वर्षीचं कुठल्याच यादीत नसलेलं सगळ्यात भारी काम, कुठल्याही भाषेतलं, त्याला हे अवॉर्ड. प्रत्येकाने एक मिनिट उभं राहून आपल्या उमेदवाराची बाजू मांडायची आणि मग हात वर. यावर भांडणं सगळ्यात जास्त होतात, म्हणून हे कार्यक्रमाच्या आधी नाही तर ब्रेकमध्ये घ्या.

खाण्याचं म्हणाल तर पहाटे फक्त चहा, चिवडा आणि द्राक्षं, सीझनच असतो. पोटभर खाऊ नका, झोप येते. बेस्ट पिक्चर झालं की मार्क मोजायचे, वहीत लिहून ठेवायचे, आणि काळ्या मसाल्याची मिसळ खायला निघायचं. बिल शेवटच्या नंबरवाल्याचं, आणि पुढच्या शनिवारी कुठला सिनेमा लावायचा हे पहिला आलेला ठरवणार. ज्यांना ऑफिस आहे त्यांनी हाफ डे शुक्रवारीच टाकून ठेवा.