फक्त मेलसाठी घेतलेल्या अकाउंटचं एफटीपी कसं बंद करायचं
ज्या क्लायंटला वेबसाइट नाही, नुसते मेल आयडी हवेत, त्याला एफटीपी (सर्व्हरवर फाइली टाकायची-काढायची सोय) उघडं ठेवायची काही गरजच नाही, कारण पासवर्ड लीक झाला की कुणीतरी फिशिंगचं, म्हणजे लोकांना फसवून माहिती काढणारं, पेज टाकून जातं आणि मग सगळ्या सर्व्हरचेच मेल स्पॅममध्ये जायला लागतात.

सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं पॅनेल) असेल तर वेगळं पॅकेज बनवा, त्यात एफटीपी अकाउंटची लिमिट 0 करा, फीचर लिस्टमधून फाइल मॅनेजर आणि वेब डिस्कपण काढा, कारण त्यातूनही फाइली टाकता येतात. पण इथेच बरेच जण थांबतात राव! लिमिट 0 केली तरी मेन युजरनेमचं एफटीपी लॉगिन चालूच राहतं, आणि आधी बनवलेले एफटीपी आयडी पण आपोआप जात नाहीत, ते हाताने डिलीट करायचे.

मेन लॉगिन अडवायला सर्व्हरवर प्रोएफटीपीडी हे एफटीपी सॉफ्टवेअर असेल तर इटीसी फोल्डरमधल्या एफटीपीयूजर्स फाइलमध्ये त्या अकाउंटचं युजरनेम टाका. एसएफटीपी वेगळं, ते एसएसएचवरून (सर्व्हरवर दुरून सुरक्षित लॉगिन करायची पद्धत) पोर्ट 22 ने चालतं, तिथे एसएसएचडी या एसएसएचच्या सर्व्हिसच्या कॉन्फिगमध्ये डिनाययूजर्स लाइनीत तेच युजरनेम घाला, सर्व्हिस रिलोड करा, पण आपलं चालू सेशन बंद करू नका हं.

मग फाइलझिला या एफटीपी प्रोग्रॅममधून पोर्ट 21 (एफटीपी) आणि 22 (एसएफटीपी) दोन्हीवर लॉगिन करून बघा, दोन्हीकडे नकार यायला हवा, आणि मेल मात्र नेहमीसारखे आले-गेले पाहिजेत.