लकवा मारला तर कॅज्युअल्टीत जायच्या आधी घड्याळ बघा

लकवा मारला की आपल्याकडं पहिली धावपळ गाडीची, मग पैशाची, मग ओळखीचा डॉक्टर कोण त्याची. घड्याळ कुणी बघत नाही. आणि कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न तोच, सिस्टर कन्नड असली तर "एष्टु गंटेगे?" म्हणजे किती वाजता झालं.

आमच्या मामाचं सांगतो. जांबोटीकडचं गाव, सकाळी सहाला उठवायला गेले तर तोंड वाकडं, उजवा हात उचलंना. बेळगावात पोचलो साडेसातला. डॉक्टरनी विचारल्यावर सगळे एकदम "सहाला". ते म्हणाले, सहाला तुम्हाला दिसलं हो, शेवटचे धड कधी होते ते सांगा. रात्री दहाला झोपले म्हणजे साडेनऊ तास, बोंबललं. तेवढ्यात मामी मागनं म्हणाली, साडेचारला उठून माठातलं पाणी पिले की, म्हैस का ओरडते म्हणून विचारलं पण मला. झाले तीनच तास! लगेच स्कॅनला नेलं.

कारण मेंदूच्या नसेत अडकलेली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. १९९५ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात ६२४ पेशंट होते, तेव्हा मुदत तीन तासांची, २००८ मध्ये युरोपातल्या अभ्यासानं ती साडेचारवर नेली. म्हणून निवांत जायचं असं नाही, मोठा लकवा असला तर मिनिटाला मेंदूच्या १९ लाख पेशी जातात असा हिशोब आहे. आणि उशीर झाला म्हणून घरीही बसू नका, मोठी गाठ असली तर काही जणांची ती २४ तासांपर्यंत नसेतनं तार घालून काढता येते.

तर करायचं काय. हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला लावा, एक वाक्य बोलायला लावा. एकात जरी गडबड दिसली तर १०८ लावा आणि सिटी स्कॅन चोवीस तास चालू असलेला दवाखाना कुठला ते तिथंच विचारा, गल्लीतल्या दवाखान्यात सलाईन लावून तास घालवू नका. तोंडात काही घालायचं नाही, पाणी सुद्धा नाही, ठसका लागून फुफ्फुसात जातं. ॲस्पिरिन तर स्कॅनच्या आधी अजिबात नको, कारण गाठ अडकली काय आणि रक्तस्राव झाला काय, बाहेरनं दोन्ही सारखंच दिसतं. बीपीची जादा गोळी पण देऊ नका. चालू गोळ्यांची पाकिटं मात्र पिशवीत टाका, रक्त पातळ करायची गोळी असली तर ते आधी सांगा. शुगरवाला असला तर तेही, शुगर उतरली तरी माणूस असाच दिसतो.

गाडीत जागा कमी पडली तर पुढारपण करणारे भाऊबंद मागनं बाईकवर येऊदेत, पेशंटशी शेवटचं जे बोललंय ते माणूस आत बसवा.