रानातली घटपर्णी शोधायला निघालात? या चुका टाळा

सिंगापूरहून आम्ही चौघं मित्र बोर्निओ बेटावरच्या, मलेशियाच्या सारावाक राज्यातल्या बाको राष्ट्रीय उद्यानात गेलो ते केवळ घटपर्णीसाठी, म्हणजे पानाच्या टोकाला घट धरून त्यात किडे पकडणाऱ्या वेलीसाठी. पहिल्या सकाळी अडीच तास दाट झाडीतून फिरलो आणि एकही घट दिसला नाही. दुसऱ्या दिवशी पठारावर चढलो, तर पाऊल कुठे टाकावं हा प्रश्न पडला. मधल्या रात्री काय बदललं? फक्त शोधायची जागा.

चूक: गर्द रानात शोधणं

सकस मातीत मोठी झाडं ऊन अडवतात, तिथे घटपर्णीचा निभाव लागत नाही. मातीत नायट्रोजन नावालाच असतो तिथे मात्र किडे पचवून पोट भरणारी ही वेल तग धरते. बोर्निओतले इबान लोक अशा जमिनीला केरांगास म्हणतात, म्हणजे भात पिकत नाही ती जमीन. वालुकाश्मावर पांढऱ्या वाळूचा पातळ थर आणि त्यावर खुरटी, काटकुळी झाडं. पावसाळ्यात कोकणातला सडा किंवा कासचं पठार पाहिलेल्याला हे लगेच उमगेल. तिथल्या कातळावरच्या कंगाल मातीतच दवबिंदू आणि सीतेची आसवं फुलतात, आणि त्याही कीटकभक्षीच. घटपर्णी मात्र सह्याद्रीच्या रानात नाही.

बाकोत यासाठी लिंतांगची वाट धरा. साधारण ६ किलोमीटरचा फेरा आहे आणि मधला टप्पा उघड्या पठारावरून जातो.

एक अपवाद लक्षात ठेवा. नेपेंथिस हे घटपर्णीचं शास्त्रीय नाव; तिची नेपेंथिस ॲम्प्युलारिया ही जात सावलीत, पालापाचोळ्यात सापडते. भातुकलीची बोळकी मांडून ठेवावीत तसे तिचे गोल, बुटके घट जमिनीलगत गर्दीने बसलेले असतात. तिचं झाकण मागे वळलेलं असतं, त्यामुळे वरून गळणारी पानं थेट आत पडतात. किड्यांबरोबर तिला हा पाचोळाही पोसतो.

चूक: डोळ्यांच्या रेषेत घट शोधत चालणं

घट हिरवे-तपकिरी असतात, पाचोळ्यात चटकन मिसळतात. म्हणून आधी पान ओळखा. पानाची मधली शीर टोकाला संपत नाही, ती पुढे दोरीसारखी लांबते आणि तिच्या शेवटी घट धरतो. असा लोंबता तणावा दिसला की तिथेच थांबा. चौघं असाल तर काम वाटून घ्या. पुढच्याने जमीन बघायची, मागच्याने झुडपांचे शेंडे. चौघांनी एकाच जागी माना वळवल्या तर बाकीचं रान न बघताच मागे पडतं. आमचं पहिल्या दिवशी तसंही झालं होतं.

चूक: एकाच वेलीला दोन जाती समजणं

ही चूक भलेभले करतात. नेपेंथिस राफ्लेसियानाचे खालचे घट फुगीर असतात, पुढच्या बाजूला झालरीसारखे दोन पंख असतात आणि तणावा समोरून जोडलेला असतो. तीच वेल वर चढली की घट नरसाळ्यासारखे निमुळते होतात, पंख जवळजवळ नाहीसे होतात आणि तणावा मागून येतो. नाव ठरवण्याआधी खोडावरून बोट फिरवत खालपर्यंत जा.

नेपेंथिस अल्बोमार्जिनाटाची ओळख म्हणजे काठाखालची पांढरी पट्टी. पण ती दिसली नाही म्हणून जात वेगळी म्हणू नका. ती पट्टी बारीक लवेची असते आणि वाळवीला ती फार आवडते. वाळवीची रांग येते, लव कुरतडून संपवते आणि त्या गडबडीत शेकड्यांनी घटात पडते. पट्टी नसलेला घट दिसला तर आत डोकावून पाहा, तळाशी वाळवीचा काळपट थर असू शकतो.

चूक: घटात बोट घालणं, पाणी ओतून बघणं

झाकण मिटेल म्हणून लोक काडी घालून वाट बघतात. घटपर्णीचं झाकण मिटत नाही. काम करतो तो ओला, निसरडा काठ आणि आतली मेणचट भिंत. पडलेला किडा आतल्या पाचक रसात विरघळतो. तो रस सांडला की घटाची कमाई गेली, शिवाय त्यात वाढणाऱ्या डासांच्या अळ्यांचंही घर गेलं.

हात लावण्यापेक्षा पावसाची सर आली की नेपेंथिस ग्रॅसिलिससमोर उकिडवे बसा. मुंगी झाकणाच्या खालच्या बाजूला मध चाटत असते. झाकणावर टपोरा थेंब आदळतो, झाकण थरारतं आणि मुंगी खाली घटात. आम्ही हे दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा चौघंही गप्प होतो.

चूक: फोटोसाठी वाट सोडणं

हे लिहिताना अजून वाईट वाटतं. चांगल्या कोनासाठी मी एक पाऊल मागे घेतलं आणि बोटभर उंचीचं एक रोप बुटाखाली गेलं. तेव्हापासून आमचा नियम असा की एकाने फोटो काढायचा आणि दुसऱ्याने त्याचे पाय बघायचे.

चूक: जागा जाहीर करणं, रोप घरी आणणं

फोटोतून ठिकाणाची नोंद काढून मगच तो ग्रुपवर टाका. रोपं चोरणारे अशाच फोटोंवरून माग काढतात. वन्यजीव व्यापाराच्या साइटिस करारात घटपर्णीच्या सगळ्या जाती आहेत. त्यातल्या दोन सर्वात कडक, पहिल्या परिशिष्टात आहेत. एक मलेशियाच्या सबाह राज्यातल्या किनाबालू आणि तांबुयुकोन या दोनच डोंगरांवरची नेपेंथिस राजा आणि दुसरी आपल्या मेघालयातली नेपेंथिस खासियाना. भारतात रानात उगवणारी घटपर्णी ही एवढीच. गारो लोक तिला मेमांग-कोक्सी म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. बोर्निओ लांब वाटत असेल तर दक्षिण गारो टेकड्यांतलं बाघमारा किंवा जैंतिया टेकड्यांतलं जराईन गाठा, आणि गावातल्या माणसाला बरोबर घेऊनच शोधा.

बाकी तयारी

पठारावर सावली नाही, माणशी दोन लिटर पाणी हवंच. माकडं पिशव्या पळवतात, खाऊ हातात ठेवू नका. निघताना उद्यानाच्या कचेरीत कोणत्या वाटेने जाताय ते नोंदवा. आणि बाकोत भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशीच विचारून घ्या. पाणी उतरलं की बोट धक्क्याला लागत नाही, मग सामान डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून चालत जावं लागतं.